चूल, पंप आणि ऊन पाणी

महाराष्ट्रांतील जुन्या घरांत दिवसाचा आरंभ बंबाच्या धुरानें होत असे. पहांटे कोणीतरी उठावें, न्हाणीघराच्या कोपऱ्यांतील तांब्याच्या बंबांत करवंट्या, शेणी किंवा लांकडाच्या ढलप्या घालाव्या, त्या पेटवून द्याव्या आणि घरांतील मंडळी उठेपर्यंत पाणी कढत करून ठेवावें, असा तो परिपाठ होता. बंबाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशीं विस्तव आणि सभोंवार पाणी. धूर वर जातां जातां आपली उष्णता पाण्याला देऊन निघून जातो. पुढें गॅस, वीज आणि सूर्याची उष्णता यांवर चालणारीं साधनें आलीं आणि शहरांतील बंब माळ्यावर गेला. कित्येक घरांत तो शोभेची वस्तु म्हणून दिवाणखान्यांत परत आला, तो मात्र रिकामाच.

युरोपांतील थंड मुलुखांत या गोष्टीला निराळें वळण लागलें. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नॉर्वे, स्वीडन या देशांत आज अशीं घरें आढळतात, कीं ज्यांच्या बैठकीच्या खोलींत लांकडाची शेगडी धगधगत असते, परसांत विजेवर चालणारा उष्णतेचा पंप गुणगुणत असतो आणि हीं दोन्ही साधनें एकाच टाकींतील पाणी तापवीत असतात. मनुष्याचें सर्वांत जुनें साधन आणि आधुनिक यंत्रविद्येनें दिलेलें साधन यांचा असा संसार पाहून प्रथम नवल वाटतें. नवें आलें म्हणजे जुनें जावें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ऊन पाण्याचा इतिहास चाळला तर हा समज टिकत नाहीं. उष्णतेच्या पंपाचा जन्म मुळीं लांकूड वांचविण्याच्या खटपटींतून झाला, आणि आज तो पंप जेथें दमतो तेथें लांकूडच त्याच्या मदतीस येतें.

अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपच्या अनेक भागांत सरपणाची चणचण भासूं लागली होती. घरांतील शेकोट्या, लोखंडाच्या व कांचेच्या भट्ट्या, मीठ काढण्याचे कारखाने या सर्वांची भूक जंगलांवरच भागे. त्यांतही घरांतील उघड्या शेकोटींत लांकडाची बरीचशी उष्णता धुराबरोबर धुराड्यांतून निघून जाई. १७६३ सालीं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानें कमींत कमी लांकूड जाळणाऱ्या शेगडीसाठीं बक्षीस लावलें. चार वर्षांनीं, १७६७ सालीं, स्वीडनमध्यें कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनीं सरकारच्या सांगण्यावरून नवी शेगडी सिद्ध केली. तिच्यांत धूर सरळ वर न जातां वर, खालीं आणि पुन्हां वर अशीं वळणें घेत जाई. बाहेर पडेपर्यंत त्याची उष्णता विटांत मुरे, आणि थोडा वेळ जाळलेल्या लांकडाची ऊब पुढें कित्येक तास पुरे. उष्णता निर्माण करण्यापेक्षां ती सांठवून ठेवणें महत्त्वाचें, हा धडा या शेगडीनें दिला.

त्याच शतकाच्या अखेरीस बाव्हेरियाच्या दरबारीं असलेल्या काउंट रमफर्डनें चुलीचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीनें हातीं घेतला. मूळचा अमेरिकेंतील हा बेंजामिन टॉमसन. विस्तव चहूंकडून बंदिस्त करावा, त्याला लागेल तेवढीच हवा द्यावी आणि भांडें ज्वाळेच्या वाटेंत बसवावें, अशा रीतीनें त्यानें म्युनिकमधील गरिबांच्या भोजनगृहांसाठीं चुली बांधविल्या. परंतु ऊन पाण्याच्या इतिहासांत त्याचें नांव दुसऱ्याच एका प्रयोगामुळें राहिलें आहे. तोफांना भोंक पाडतांना धातु अतोनात तापतो, हें त्याच्या नजरेस आलें. त्यानें तोफेच्या धातूचें नळकांडें एका बोथट गिरमिटावर दाबून तें घोड्यांच्या बळावर फिरविलें आणि भोंवतीं पाण्यानें भरलेली पेटी बसविली. अडीच तासांनीं तें पाणी उकळूं लागलें. विस्तवावांचून पाणी उकळलेलें पाहून जमलेले लोक थक्क झाले.

१७९८ सालीं हा प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडतांना रमफर्डनें एक व्यवहारी शेराही मारला. घोड्यांना लागणारा चारा तसाच जाळला, तर याहून अधिक उष्णता मिळेल, असें त्याचें म्हणणें पडलें. हा शेरा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. श्रम खर्चून उष्णता मिळविणें हा तोट्याचा व्यवहार आहे, असें तो सांगतो. आणि श्रमांचें रूपांतर उष्णतेंत करावयाचें असेल तर तें खरेंही आहे. पुढील अर्धशतकांत या आक्षेपाला जें उत्तर मिळालें, तेंच उष्णतेच्या पंपाचें बीज होय.

तें उत्तर दोन टप्प्यांनीं आलें. १८२४ सालीं फ्रान्समधील तरुण एंजिनियर सादी कार्नो यानें वाफेच्या यंत्राची तुलना धबधब्याशीं केली. पाणी उंचावरून पडतांना चाक फिरवितें. त्याचप्रमाणें उष्णता तापलेल्या पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जातांना काम करते. मग उलट काम खर्च करून उष्णता थंड जागेंतून ऊन जागीं चढवितां यावयास हवी. १८५२ सालीं ग्लासगो येथील विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्धीस आले, यांनीं हा विचार घरांना लावला. इमारती काटकसरीनें तापविण्याच्या व थंड करण्याच्या रीतीवर त्यांनीं निबंध लिहिला. यंत्राच्या कामाची नुसती उष्णता करण्यापेक्षां, तेंच काम बाहेरच्या हवेंतील उष्णता घरांत ओढून आणण्याकडे लावलें, तर कितीतरी पट अधिक उष्णता हातीं लागते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

मराठी श्रोत्यास हें तत्त्व मोटेच्या उपमेनें चटकन उमगेल. मोटेचे बैल पाणी निर्माण करीत नाहींत. विहिरींत असलेलें पाणी वर आणतात. त्याचप्रमाणें हवेंत, नदींत किंवा जमिनींत असलेली उष्णता पंपांतील वीज वर चढविते. पंपाच्या नळ्यांत लवकर उडून जाणारा एक द्रव फिरत असतो. बाहेरच्या थंड हवेंतही तो उकळतो, वायुरूप होतो आणि तसें होतांना उष्णता शोषून घेतो. काँप्रेसर त्या वायूला दाबतो, तसा तो तापतो. आणि टाकीजवळच्या नळ्यांत पुन्हां द्रव होतांना ती उष्णता पाण्याच्या स्वाधीन करतो. मात्र मोटेचा दुसरा नियमही येथें लागू पडतो. विहीर जितकी खोल, तितके बैलांचे कष्ट अधिक. बाहेरची हवा जितकी थंड आणि पाणी जितकें ऊन हवें, तितकी पंपाला वीज अधिक लागते.

हें तत्त्व प्रथम प्रत्यक्षांत आलें तें घरासाठीं नव्हे, मिठासाठीं. ऑस्ट्रियांतील एबेनझे येथें खारें पाणी मोठमोठ्या कढयांत आटवून मीठ काढीत, आणि त्याला लांकूड फार लागे. पेटर फॉन रिटिंगर या खाणतज्ज्ञानें १८५५ ते १८५७ च्या दरम्यान तेथें एक नवें यंत्र उभारलें. खाऱ्या पाण्याची वाफ वाऱ्यावर सोडून न देतां पाण्याच्या शक्तीनें दाबावी, दाबल्यानें ती अधिक तापते, आणि मग तिच्याच उष्णतेनें पुढचें पाणी आटवावें, अशी ही युक्ति होती. सरपणाची बचत हाच तिचा हेतु. मिठाचे थर सांचून काम अडूं लागलें, आणि त्या पहिल्या प्रयत्नाला पुरतें यश आलें नाहीं. परंतु १८७७ सालीं स्वित्झर्लंडमधील बे येथील मिठाच्या कारखान्यांत याच जातीचें यंत्र चालूं लागलें.

कारखान्यांत हें चाललें असतां घरोघरचें ऊन पाणी मात्र विस्तवाच्याच ताब्यांत होतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील स्वयंपाकघरांत बंदिस्त लोखंडी चूल आली, आणि तिच्या पाठीमागें पाण्याची लहानशी पेटी बसूं लागली. पेटींत तापलेलें पाणी हलकें होऊन नळानें वरच्या टाकींत चढे, थंड पाणी जड म्हणून खालीं उतरे, आणि कोणत्याही यंत्रावांचून हा फेरा चालू राही. त्यांत एक धोका दडलेला होता. कडाक्याच्या थंडींत नळांतील पाणी गोठून वाट बंद व्हावी, आणि सकाळीं नेहमीप्रमाणें कोणी चूल पेटवावी, कीं कोंडलेली वाफ पेटी फोडून बाहेर पडे. अशा स्फोटांत माणसें दगावलीं. वाफेला मोकळी वाट किंवा सुरक्षेची झडप ही कारखान्याइतकीच घरच्या चुलीलाही हवी, हा धडा महाग किंमत देऊन घेतला गेला.

शहरांत हळूहळू लांकूड आणि कोळसा मागें पडला. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यानें गॅसच्या ज्योतीनें पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हें नांव दिलें. तेंच नांव आज मराठी घरांत रूढ आहे. या पहिल्या गीझरला धूर बाहेर नेणारी नळीही नव्हती. १८८९ सालीं अमेरिकेंत एडविन रूड यानें आपोआप चालणारें, पाणी सांठवून ठेवणारें यंत्र तयार केलें. आतां कळ फिरवावी आणि पाणी घ्यावें, एवढेंच काम उरलें. ऊन पाण्यामागचे कष्ट दिसेनासे झाले, आणि त्यासाठीं जळणारें इंधनही डोळ्यांआड गेलें.

पंप घरांत शिरला तो विसाव्या शतकांत. टी. जी. एन. हॉल्डेन या विद्युत्-एंजिनियरनें स्कॉटलंडमधील आपल्या घरीं बाहेरच्या हवेंतील उष्णता घेऊन खोल्या आणि पाणी तापविण्याचे प्रयोग केले व १९३० सालीं त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९३८ सालीं झुरिक येथें लिम्माट नदीच्या पात्रावर उभ्या असलेल्या सतराव्या शतकांतील नगरसभागृहाला नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप बसविण्यांत आला. तो २००१ सालापर्यंत कामावर होता. स्वित्झर्लंडला कोळसा परदेशांतून आणावा लागे, आणि वीज मात्र डोंगरांतील पाण्यापासून घरचीच मिळे. दुसऱ्या महायुद्धांत कोळशाची वाट अडली, तेव्हां झुरिकमध्यें असे आणखी पंप उभे राहिले. १९४५ सालीं इंग्लंडांतील नॉरिच येथें जॉन समनर यानें वेन्सम नदीच्या पाण्यांतून उष्णता घेऊन नगरपालिकेच्या विद्युत्-खात्याची इमारत तापविली.

या साऱ्या हकीकतींत एक सूत्र दिसतें. इंधन दुर्मिळ झालें कीं पंपाची आठवण होते. इंधन स्वस्त झालें कीं तो अडगळींत पडतो. युद्धानंतर खनिज तेल मुबलक मिळूं लागलें आणि पंपाचें नांव मागें पडलें; कित्येक घरांतील लांकडाची शेगडीही थंड झाली. १९७३ सालीं तेलाच्या किंमती एकाएकीं भडकल्या, तेव्हां दोघांचेंही भाग्य एकदम उजळलें. स्वीडन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया यांनीं पंपाकडे नव्यानें लक्ष दिलें. आणि ज्यांच्या दाराशीं जंगल होतें, त्यांनीं शेगडी पुन्हां पेटविली.

पंपाच्या वाटेंत दुसरेंही एक विघ्न आलें. त्याच्या नळ्यांत खेळविले जाणारे कांहीं वायु वातावरणांतील ओझोनच्या थराला पोखरतात, असें १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि १९८७ च्या माँट्रिऑल करारानें अशा वायूंना आळा बसूं लागला. तेव्हां नॉर्वेंतील प्राध्यापक गुस्ताव्ह लोरेंट्झेन यांनीं जुन्या काळीं शीतयंत्रांत वापरला जाणारा कर्बद्विप्राणिद वायु पुन्हां उपयोगांत आणण्याची दिशा दाखविली. २००१ सालीं जपानमध्यें त्या वायूवर चालणारे, पाणी नव्वद अंशांपर्यंत तापवूं शकणारे घरगुती पंप बाजारांत आले.

मग ज्याच्या घरीं पंप आहे, त्यानें शेगडी कां ठेवावी? याचें उत्तर कार्नोच्या हिशेबांत आहे. बाहेरची उष्णता पांच अंश सेंटिग्रेडवर असून पाणी पस्तीस अंशांपर्यंतच तापवावयाचें असेल, तर निर्दोष यंत्र एका युनिट विजेंत दहा युनिट उष्णता देऊं शकेल. पाणी साठ अंशांपर्यंत न्यावयाचें झाल्यास दहाचे सहा होतात. आणि बाहेर शून्याखालीं दहा अंश थंडी असेल तर पांचही उरत नाहींत. प्रत्यक्ष यंत्रें या आंकड्यांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमीच मजल मारतात. म्हणजे पंपाला पहिला चढ सोपा आणि शेवटचा चढ कठीण. लांकडाच्या ज्वाळेला यांतला फरक जाणवत नाहीं. ती शेंकडों अंश तापलेली असल्यामुळें पाणी तीसवरून चाळीसवर नेणें आणि पन्नासवरून साठवर नेणें तिला सारखेंच.

हा शेवटचा चढ टाळावा, असेंही म्हणतां येत नाहीं. १९७६ सालीं फिलाडेल्फिया शहरांत माजी सैनिकांच्या एका परिषदेनंतर न्युमोनियासारख्या अज्ञात रोगानें अनेकांचे बळी घेतले. पुढल्या वर्षीं त्याचा जंतु सांपडला, आणि ‘लीजिओनेला’ या नांवानें तो ओळखला जाऊं लागला. कोमट, सांचलेल्या पाण्यांत तो वाढतो. साठ अंशांच्या पाण्यांत तो तग धरीत नाहीं. त्यामुळें सांठविलेलें पाणी नुसतें अंगाला ऊन लागेल एवढेंच ठेवून भागत नाहीं. जो चढ पंपाला सर्वांत महाग, तोच आरोग्यासाठीं सर्वांत अगत्याचा ठरला.

हिशेबानें पाहिलें तर दोनशें लिटर पाणी दहा अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें साडेअकरा युनिट उष्णता लागते. एका युनिटास तीन युनिट उष्णता देणारा पंप हें काम चार युनिटांच्या आंत करतो. चांगल्या वाळलेल्या एक किलो लांकडांत चार युनिटांच्या जवळपास उष्णता असते. त्यांतली कांहीं धुराड्यांतून जाते आणि बरीचशी खोली तापविण्यांत खर्च होते. केवळ पाण्यासाठीं शेगडी पेटविणें म्हणूनच शहाणपणाचें नव्हे. परंतु हिवाळ्याच्या संध्याकाळीं खोलीसाठीं शेगडी पेटलेलीच असते, आणि नेमक्या त्याच वेळीं बाहेरच्या गारठ्यानें पंप थकलेला असतो. उन्हाळ्यांत शेगडी थंड असते, तेव्हां बाहेरची हवा ऊबदार असून पंप जोमांत असतो. एकाचा विसांवा तो दुसऱ्याचा कामाचा वेळ, असा हा मेळ आहे.

टाकींत या दोघांची जागा ठरवितांना निसर्गाचाच आधार घेतात. ऊन पाणी वर तरंगतें, थंड पाणी तळाशीं राहतें. म्हणून पंपाची नळी खालच्या थंड पाण्यांत आणि शेगडीची नळी वरच्या भागांत ठेवणें योग्य ठरतें. पंपानें पाणी कोमट करावें, शेगडीनें तें कढत करावें. हा क्रम मोडून शेगडीनें तळापर्यंतचें पाणी तापविलें, तर पंपाला आधींच ऊन झालेल्या पाण्याशीं झगडावें लागतें आणि तो बंद पडतो. उलट, शेगडीच्या पेटीभोंवतीं फार थंड पाणी खेळविलें तर ज्वाळा गारठतात, लांकूड अर्धवट जळतें, आणि धुराड्यांत डांबरासारखा थर बसतो. तो पुढें पेट घेऊं शकतो. म्हणून शेगडीकडे परत जाणारें पाणी पुरेसें ऊन झाल्यावांचून टाकीचा फेरा सुरू न होऊं देणारी झडप बसवितात.

सर्वांत मोठी दक्षता मात्र एकोणिसाव्या शतकांतीलच आहे. पंप कळ दाबतांच थांबतो. पेटलेलें लांकूड थांबत नाहीं. वीज गेली, फिरवणीचा पंप बंद पडला, तरी शेगडी पाण्याला उष्णता देतच राहते. यासाठीं शेगडी आणि टाकी यांमधील पाणी आपल्याच बळावर फिरूं शकेल अशी उंची, वाफेला मोकळी वाट आणि सुरक्षेची झडप या गोष्टी हव्यात. इंग्लंडांतील त्या फुटलेल्या चुलींचा धडा आजही जुना झालेला नाहीं. मात्र ही व्यवस्था नीट असली म्हणजे हीच शेगडी वादळी रात्रीं विजेच्या तारा तुटल्या असतां घराला ऊब आणि ऊन पाणी देते. धुराचा दोष तिच्यांत आहे, आणि दाट वस्तींत तो मोठा आहे. म्हणून ही जोडी शहरांतील गल्लीपेक्षां जंगलाच्या कडेच्या घराला अधिक शोभते.

रमफर्डनें चाऱ्याचा शेरा मारला, तेव्हां त्याच्यापुढें दोनच मार्ग होते: जाळणें किंवा घासणें. उष्णता उचलून आणण्याचा तिसरा मार्ग पुढें सांपडला. पण त्यानें पहिला मार्ग बंद झाला नाहीं. एबेनझेच्या कढयांखालचें लांकूड वांचविण्यासाठीं जें तत्त्व कामाला लागलें, तेंच आज घरच्या शेगडींतील लांकूड वांचवितें, आणि तें वांचलेलें लांकूड कडाक्याच्या थंडींत पंपाची लाज राखतें. मराठी भाषेनें हें नातें नकळत आधींच जोडून ठेवलें आहे. ‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. म्हणून आग विझविणारा तोही बंब, आणि पाणी तापविणारा तोही बंबच. दिवाणखान्यांत शोभेला ठेवलेल्या त्या तांब्याच्या बंबाकडे पाहतांना, विस्तव आणि पंप हीं दोन नांवें एकाच भांड्यांत कधींच एकत्र आलीं होतीं, एवढें ध्यानांत आलें तरी पुरे.